‘क्लाउड’खालचा कोळसा

शब्दांत मोठी शक्ती असते आणि फसवणूकही बहुधा शब्दांच्याच आडून होते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या बोलण्यात रुळलेला ‘क्लाउड’ हा असाच एक शब्द. घरातल्या लग्नाची छायाचित्रे क्लाउडवर, बँकेची खाती क्लाउडवर, मुलांचा अभ्यास क्लाउडवर, सरकारी दाखलेही क्लाउडवर. ढग म्हटला की डोळ्यांपुढे येते ते काहीतरी हलके, शुभ्र, अधांतरी तरंगणारे; आणि मुख्य म्हणजे कोणालाही त्रास न देणारे. जुन्या कारखान्यांना धुराडी होती म्हणून ते प्रदूषण करीत. नव्या युगाचा कारभार मात्र बोटाच्या स्पर्शावर चालतो, म्हणून तो स्वच्छ, असा एक सोयीस्कर समज सुशिक्षित समाजाने करून घेतला आहे. हा समज किती खोटा आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो आहे, याचा ऊहापोह आता टाळता येणार नाही.

कारण हा ढग आकाशात नाही. तो ऐरोली, रबाळे, महापे, चांदिवली आणि पनवेल येथे आहे. काँक्रीटच्या पायावर उभ्या असलेल्या, खिडक्या नसलेल्या उंच इमारतींत तो राहतो. या इमारतींना ‘डेटा सेंटर’ म्हणतात. आत संगणकांच्या रांगा अहोरात्र चालू असतात. त्यांतून निघणारी उष्णता बाहेर फेकण्यासाठी प्रचंड शीतयंत्रणा तितक्याच अखंडपणे चालू असते. आणि वीज गेलीच तर क्षणाचाही खंड पडू नये म्हणून आवारात डिझेल जनित्रांची फलटण सज्ज असते. एके काळी ठाणे-बेलापूर पट्टा रासायनिक कारखान्यांच्या धुरासाठी कुप्रसिद्ध होता. त्यातली अनेक धुराडी गेली आणि त्या जागी हे अबोल राजवाडे आले. धूर दिसेनासा झाला म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु धूर दिसत नाही याचा अर्थ धूर निघत नाही असा होत नाही. तो दुसऱ्याच्या अंगणात निघतो, एवढाच त्याचा अर्थ.

मुंबईच का?

देशातील डेटा सेंटरांची एकूण क्षमता आता हजार मेगावॅटच्या पुढे गेली असून तिच्यातील सुमारे निम्मा वाटा मुंबई आणि नवी मुंबईचा आहे. याची कारणे उघड आहेत. परदेशांशी आपल्याला जोडणाऱ्या सागरी तारांपैकी अनेक तारा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरतात. शेअर बाजार, बँका, विमा कंपन्या आणि चित्रपट उद्योग येथेच आहेत. शिवाय मुंबईचा वीजपुरवठा देशातील इतर शहरांच्या तुलनेत पहिल्यापासून अधिक खात्रीचा.

त्यात सरकारी धोरणाचे वारेही शिडात भरले. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की देशातील देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवली पाहिजे. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डेटा सेंटरांना पायाभूत सुविधांचा दर्जा जाहीर झाला. त्यामुळे दीर्घ मुदतीच्या कर्जाची वाट सुकर झाली. महाराष्ट्र शासनाच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्कातील सवलती देऊ केल्या.

यातील पहिल्या निर्णयाविषयी दुमत असण्याचे कारण नाही. आपल्या नागरिकांच्या व्यवहारांची माहिती परक्या भूमीवर, परक्या कायद्याच्या कक्षेत पडून राहावी हे कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्राला शोभणारे नव्हते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘यूपीआय’वर ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवाल्यापासून भांडवलदारापर्यंत सर्वांनी आपलीशी केलेली ही व्यवस्था भारतीय बुद्धीचे कर्तृत्व आहे आणि तिचा अभिमान वाटलाच पाहिजे. प्रश्न अभिमानाचा नाही, हिशेबाचा आहे. माहिती घरी आणली हे योग्यच झाले. पण ती घरी ठेवण्याचा खर्च घराच्या वहीत मांडायचा की नाही?

थोडे गणित करून पाहू

सतत १०० मेगावॅट वीज घेणारे एक डेटा सेंटर डोळ्यांपुढे आणा. मुंबईच्या परिसरात आज आखली जाणारी संकुले पाहता हा आकडा मोठा नाही. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे हे एक संकुल वर्षाला ८७ कोटी ६० लाख युनिट वीज वापरील. महिन्याला २०० युनिट वीज वापरणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मापाने मोजले, तर ही सुमारे साडेतीन लाखांहून अधिक घरांची वीज झाली. एका इमारतसमूहात एक अख्खे शहर राहते म्हणा ना! फरक इतकाच की या शहरात रात्री कोणी दिवे मालवत नाही.

आता कार्बनचा हिशेब. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार आपल्या जाळ्यातील एक युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलोहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ०.७ हाच आकडा धरला तरी या एका संकुलाच्या नावावर वर्षाला सहा लाख टनांहून अधिक उत्सर्जन पडते. मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई हवामान कृती आराखड्यानुसार २०१९ मधील मुंबईचे एकूण उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन होते आणि त्यातला ७२ टक्के वाटा ऊर्जावापराचा होता. म्हणजे जाळ्यातील सर्वसाधारण वीज वापरणारे असे एकच संकुल संपूर्ण महानगराच्या उत्सर्जनाच्या अडीच टक्क्यांहून अधिक भरते. असे एक नव्हे, अनेक प्रकल्प रांगेत उभे आहेत. याच आराखड्यात मुंबईने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट स्वीकारले आहे. एका हाताने शून्याची प्रतिज्ञा लिहायची आणि दुसऱ्या हाताने सवलतींच्या आदेशावर सही करायची, ही कसरत फार काळ चालणारी नाही.

येथे आणखी एक मेख आहे. हा आराखडा बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीपुरता आहे. ऐरोली, महापे, पनवेल त्या हद्दीबाहेर. मुंबईकराने अंधेरीत बसून केलेल्या व्यवहाराची वीज नवी मुंबईच्या मीटरवर चढते आणि त्या विजेचा कोळसा तिसऱ्याच जिल्ह्यात जळतो. मुंबई म्हणते, संगणक आमच्याकडे नाही; नवी मुंबई म्हणते, ग्राहक आमचा नाही; आणि वीज केंद्राचा जिल्हा म्हणतो, यातली एक युनिटही आमच्या उपयोगाची नाही. तिघांचेही म्हणणे कागदोपत्री बरोबर, आणि धूर मात्र तिघांच्याही डोक्यावर!

धूर कोणाच्या वाट्याला?

विजेवर गावाचे नाव कोरलेले नसते हे खरे. जाळ्यात मिसळलेली वीज कोणत्या केंद्रातून आली हे दिव्याला विचारून कळत नाही. पण मागणी वाढली की कोणते केंद्र चालू ठेवावे लागते, हे मात्र कळते. तुर्भ्याचे, म्हणजे मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील ट्रॉम्बेचे कोळशावर चालणारे वीज केंद्र बंद होण्याची अपेक्षा होती. ते २०२४ नंतरही चालू ठेवण्यात आले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज तासन् तास गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या; तेव्हापासून शहराच्या आत वीजनिर्मिती हवीच, हा युक्तिवाद अधिक बळावला. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या, मागणी वाढती, आणि तीत डेटा सेंटरांची अहोरात्र न थांबणारी मागणी नव्याने मिसळलेली. अशा वेळी कोळशाचा संच बंद करण्याची हिंमत कोण करणार? या केंद्राच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी माहुल आहे. तेथे पुनर्वसनाच्या नावाखाली आणून बसवलेल्या कुटुंबांनी हवेच्या प्रदूषणाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, ही अलीकडचीच गोष्ट.

उत्तरेस डहाणू. चिकूच्या बागांचा, आदिवासी पाड्यांचा हा तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. तरीही मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवण्यासाठी तेथे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभे राहिले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली, या केंद्राला धुरातील गंधक रोखणारी यंत्रणा बसवायला भाग पाडले. देशातील बहुतेक औष्णिक केंद्रांना ती यंत्रणा ठाऊकही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. प्रश्न विचारणारी संस्था असली की उत्तर द्यावे लागते, हा डहाणूचा धडा आहे. आपण पुढे जे मागणार आहोत, त्याचा पाया या धड्यात आहे.

आणि पूर्वेस, सातशे-आठशे किलोमीटरवर, चंद्रपूर. महानिर्मितीचे २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र तेथे आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, कोळशाच्या खाणी आणि वीज केंद्राची राख यांत श्वास घेत हे शहर राज्याला वीज देते. ऐरोलीतील संगणकाला २२-२४ अंशांचा गारवा मिळावा म्हणून चंद्रपूरच्या माणसाने भट्टीत राहावे, हा व्यवहार आपण कधी स्पष्ट शब्दांत मांडला आहे काय? मांडला नाही, कारण तो दिसतच नाही. ‘क्लाउड’ या शब्दाची करामत ती हीच.

मुळशीची आठवण

मुंबईच्या सुखासाठी दुसऱ्याने किंमत मोजण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. शंभर वर्षांपूर्वी गिरण्यांच्या कोळशाच्या धुराने मुंबई काळवंडली होती. त्यावर उपाय म्हणून जमशेटजी टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावरील पाणी अडवून त्यापासून वीज करण्याचे स्वप्न पाहिले. त्यांच्या पश्चात १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. पुढे भिवपुरी आणि भिरा येथील केंद्रे आली. गिरण्या विजेवर चालू लागल्या. दूरदृष्टीचे, अस्सल भारतीय उद्यमशीलतेचे हे काम होते आणि त्याचे श्रेय नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल.

पण त्या उजेडालाही दुसरी बाजू होती. भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशी खोऱ्यात धरण बांधायचे ठरले तेव्हा पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनींवर गंडांतर आले. १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यात अग्रभागी होते. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. सत्याग्रह हरला, धरण झाले, भातखाचरे पाण्याखाली गेली. मुंबई उजळली, मुळशी बुडाली.

मुळशीचा प्रश्न विजेला विरोध करण्याचा नव्हता. तो असा होता की, ज्याच्या नावाने विकास होतो त्याने खर्चही आपल्या नावावर घ्यावा की नाही? शंभर वर्षांनी तोच प्रश्न नव्या वेशात आपल्यापुढे उभा आहे. त्या वेळी निदान धरणाची भिंत दिसत होती, बुडणारे गाव दिसत होते. आज भिंतही अदृश्य आणि गावही अदृश्य.

‘शंभर टक्के हरित’ म्हणजे काय?

यावर उद्योगाचे ठरावीक उत्तर असते: आमचे केंद्र शंभर टक्के हरित ऊर्जेवर चालते. हे उत्तर नीट तपासले पाहिजे. बहुतेक ठिकाणी याचा अर्थ असा की कंपनी वर्षभरात जेवढी वीज वापरते, तेवढीच सौर वा पवन वीज कोठून तरी विकत घेतल्याचा हिशेब वर्षाअखेरीस जुळवते. सौर वीज दिवसा होते. डेटा सेंटर रात्रीही तेवढ्याच वेगाने चालते. दुपारी जाळ्यात टाकलेल्या सौर युनिटांच्या बदल्यात मध्यरात्री जी युनिटे घेतली जातात, ती प्रामुख्याने कोळशाची असतात. चातुर्मासात दिवसा उपास करायचा आणि रात्री पोटभर जेवून वर्षाअखेरीस सरासरी काढायची, तसाच हा प्रकार! हिशेब जुळतो, पुण्य लागत नाही.

देशाच्या पातळीवरही हेच अंतर आहे. भारताच्या स्थापित वीजक्षमतेत निम्मा वाटा आता कोळसा-तेल-वायूखेरीज अन्य स्रोतांचा आहे, असे जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले. ही कामगिरी खरोखर मोठी आहे, मुदतीच्या पाच वर्षे आधी साधलेली आहे. परंतु क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेत कोळशाचा वाटा ७० टक्क्यांहून अधिकच होता. सूर्य मावळल्यावर देश कोळशावर चालतो, आणि डेटा सेंटरला मावळती ठाऊक नाही.

जगातील सर्वांत धनाढ्य कंपन्यांची अवस्था पाहिली तर या दाव्यांचे वजन कळते. गूगलने २०२४ च्या आपल्याच अहवालात मान्य केले की २०१९ च्या तुलनेत २०२३ मध्ये तिचे उत्सर्जन ४८ टक्क्यांनी वाढले. मायक्रोसॉफ्टचे २०२० च्या तुलनेत २९ टक्क्यांनी वाढले. दोघींनीही हवामान रक्षणाच्या मोठमोठ्या प्रतिज्ञा केल्या होत्या. कृत्रिम बुद्धिमत्तेची शर्यत सुरू झाली आणि प्रतिज्ञा मागे पडल्या.

तीन युक्तिवाद आणि त्यांची उत्तरे

पहिला युक्तिवाद कार्यक्षमतेचा. यंत्रे सुधारत जातात, वापर वाढला तरी वीज वाढत नाही, असे सांगितले जाते. हे निव्वळ खोटे नाही. २०१० ते २०१८ या काळात जगातील डेटा सेंटरांचे काम साडेपाच पटींनी वाढले, पण वीजवापर केवळ सहा टक्क्यांच्या आसपास वाढला, असे २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. मात्र तो काळ आता सरला. अमेरिकेतील डेटा सेंटरांचा वीजवापर २०१८ मध्ये ७,६०० कोटी युनिट होता. तो २०२३ मध्ये १७,६०० कोटी युनिटांवर गेला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. आणि २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल. दीड टक्का ऐकायला लहान वाटतो. पण हा भार जगभर समान पसरलेला नाही. तो मोजक्या शहरांच्या मानेवर बसलेला आहे, आणि मुंबई त्यांपैकी एक आहे.

दुसरा युक्तिवाद बचतीचा. डिजिटल व्यवस्थेमुळे फेऱ्या वाचतात, कागद वाचतो, सिग्नल हुशार होतात, बसची वेळ कळते. यातही तथ्य आहे. २०१५ च्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमात एलईडी दिवे आणि त्यांचे केंद्रीय नियंत्रण यांमुळे पालिकांचे वीजबिल खरोखर उतरले. बँकेत न जाता वीजबिल भरणारा निवृत्त गृहस्थ पेट्रोल वाचवतोच. पण ही बचत आपोआप होत नाही, आणि ती मोजल्याशिवाय मान्य करणे म्हणजे दुकानदाराने ‘फायदा झाला’ म्हटले म्हणून वही न पाहता विश्वास ठेवणे होय. ज्या तंत्रज्ञानाने बँकेची फेरी वाचवली, त्याच तंत्रज्ञानाने कोथिंबिरीची एक जुडी दहा मिनिटांत दारात आणणाऱ्या दुचाकीची फेरी वाढवली. स्मार्ट सिटी अभियान २०१५ मध्ये सुरू झाले आणि ३१ मार्च २०२५ रोजी संपले. शंभरही शहरांत नियंत्रण केंद्रे उभी राहिली. पुणे, नाशिक, ठाणे, सोलापूर, नागपूर येथील नागरिकांनी विचारावे: या केंद्रांच्या भिंतीएवढ्या पडद्यांमुळे शहराचे उत्सर्जन किती टनांनी घटले आणि ती केंद्रे चालवण्यात किती टनांनी वाढले? दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले तरच बचत सिद्ध होते.

तिसरा युक्तिवाद अधिक भावनिक आहे. पाश्चात्त्यांनी दोनशे वर्षे धूर सोडून संपत्ती कमावली. आता भारत पुढे जाऊ लागला की त्यांना पर्यावरण आठवते, असे म्हटले जाते. यातील ऐतिहासिक अन्यायाची जाणीव रास्त आहे आणि आंतरराष्ट्रीय परिषदांत आपण ती ठामपणे मांडलीच पाहिजे. पण ती ढाल म्हणून ऐरोलीतील कंपनीने वापरू नये. चंद्रपूरच्या मुलाच्या फुप्फुसात जाणारी राख इंग्लंडने सोडलेली नाही, ती आपली आहे. शिवाय या इमारतींतील किती जागा परदेशी कंपन्यांनीच भाड्याने घेतलेली आहे, हेही पाहावे. परक्याची माहिती साठवायला आपली जमीन, आपले पाणी, आपला कोळसा आणि वर आपल्या करदात्यांची सवलत द्यायची, आणि त्याला राष्ट्राभिमान म्हणायचे? याला भोळेपणा म्हणतात.

एक गैरसमजही येथेच दूर केला पाहिजे. या चर्चेत सारा दोष सामान्य माणसाच्या माथी मारण्याची एक तऱ्हा आहे: तुम्ही चित्रपट पाहता म्हणून हवामान बिघडते! आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या विश्लेषणानुसार एक तास चित्रपट पाहण्याने सरासरी ३६ ग्रॅमच्या आसपास उत्सर्जन होते. गाडी काढून कोपऱ्यापर्यंत गेल्यानेही त्याहून अधिक होते. तेव्हा आजीने नातवाशी व्हिडिओवर बोलताना अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. येथे प्रश्न व्यक्तिगत संयमापेक्षा सार्वजनिक उत्तरदायित्वाचा अधिक आहे.

जगाने डोळे उघडले, आपण कधी?

आयर्लंडचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. करसवलतींच्या आमिषाने जगभरच्या कंपन्या डब्लिनभोवती जमल्या. २०१५ मध्ये त्या देशाच्या मोजलेल्या वीजवापरात डेटा सेंटरांचा वाटा ५ टक्के होता. २०२४ मध्ये तो २२ टक्क्यांवर पोचला. २०२३ मध्येच त्यांनी शहरी घरांच्या एकत्रित वापराला मागे टाकले होते. अखेर २०२१ मध्ये तेथील नियामकाने जोडण्यांचे निकष कडक केले आणि डब्लिन परिसरात नव्या जोडण्या जवळजवळ थांबल्या. घर भरल्यावर दार लावण्याचा हा प्रकार होता, पण दार लावले तरी.

सिंगापूर आपल्यासारखेच उष्ण आणि दमट. २०२० मध्ये तेथील डेटा सेंटरे देशाची ७ टक्के वीज वापरीत होती. २०१९ पासून तेथे नव्या केंद्रांना विराम दिला गेला. २०२२ मध्ये दार किलकिले केले तेही अटी घालून. संगणकाला लागणाऱ्या प्रत्येक युनिटामागे शीतकरण धरून एकूण १.३ युनिटांपेक्षा अधिक वीज लागता कामा नये, ही त्यांतील एक अट. पुढच्या वर्षी अवघ्या ८० मेगावॅटच्या प्रस्तावांची निवड झाली. व्यापारावर जगणाऱ्या त्या नगरराष्ट्राने गुंतवणूकदाराला ‘थांबा’ म्हटले म्हणून त्याचे दिवाळे निघाले नाही. युरोपीय संघाने तर ५०० किलोवॅट आणि त्याहून मोठ्या प्रत्येक डेटा सेंटरला आपला वीज, पाणी व उष्णतेचा तपशील कळवणे २०२४ पासून बंधनकारक केले. जर्मनीच्या २०२३ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या नव्या केंद्रांना १.२ चे प्रमाण आणि वाया जाणाऱ्या उष्णतेचा पुनर्वापर सक्तीचा केला.

आणि आपल्याकडे? मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, पण तिचा निकष इमारतीचे क्षेत्रफळ. ती इमारत वर्षाला एका शहराएवढी वीज पिणार आहे, ही गोष्ट त्या वर्गवारीत बसतच नाही. २०२३ च्या कार्बन व्यापार योजनेत उत्सर्जनाची मर्यादा घालण्यासाठी पोलाद, सिमेंट, कागद, कापड अशी क्षेत्रे निवडली. डेटा सेंटर त्यांत नाही. हजार मोठ्या सूचिबद्ध कंपन्या सेबीकडे अहवाल देतात, पण तो कंपनीचा असतो, शहराचा नसतो. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला विजेच्या प्रत्येक पैशाचा हिशेब द्यावा लागतो. आणि त्याच्या हजारपट वीज घेणाऱ्याला वीज शुल्कात सवलत!

मागणे काय?

मागणे साधे आहे. डेटा सेंटर नकोत असे कोणी म्हणत नाही. ती हवीत, भारतातच हवीत, भारतीयांच्या मालकीची हवीत. पण त्यांनी आपला खर्च आपल्या नावावर लिहावा.

त्यासाठी प्रथम, प्रत्येक मोठ्या डेटा सेंटरने वर्षाला किती वीज, किती पाणी आणि किती डिझेल वापरले हे जाहीर केले पाहिजे, आणि तो आकडा संबंधित महानगरपालिकेच्या पर्यावरण सद्यस्थिती अहवालात स्वतंत्र प्रकरण म्हणून छापला गेला पाहिजे. हा अहवाल दरवर्षी करणे पालिकांवर बंधनकारकच आहे. नवा कायदा लागत नाही. दुसरे, वीज शुल्काची सवलत सरसकट न देता जो उद्योग रात्रीच्या तासांचीही स्वच्छ वीज, साठवणुकीसह, उभी करील त्यालाच ती द्यावी. सह्याद्रीत उदंचन जलविद्युत प्रकल्प आखले जात आहेत. त्यांतील वीज रात्रीचा कोळसा बंद करण्यासाठी वापरायची, की नव्या मागणीच्या घशात घालायची, हे आताच ठरवावे लागेल. आणि या वेळी मुळशीची पुनरावृत्ती होऊ नये. तिसरे, सगळी केंद्रे मुंबईतच कशाला? बँकेच्या व्यवहाराला क्षणार्धात उत्तर हवे असते, ते जवळ असू द्या. पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासारखे महिनोन् महिने चालणारे काम, जेथे ऊन, वारा आणि मोकळी वाहिनी आहे तेथे जाऊ शकते. चौथे, ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या ग्राहकांना स्वच्छ ऊर्जेचा किमान वाटा बंधनकारक करण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे. हत्यार म्यानात आहे. ते डेटा सेंटरांसाठी उपसावे.

आणि हे शासन आपणहून करील, अशी वाट पाहत बसणे हा आपला बाणा नव्हे. वीज नियामक आयोग दरनिश्चितीच्या वेळी सूचना व हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. तेथे आज बहुतांशी उद्योगांचे वकील आणि मोजके जागरूक ग्राहक दिसतात. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी, गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी आणि शिक्षकांनी तेथे जावे, लेखी प्रश्न द्यावेत. नगरसेवकाला विचारावे की पर्यावरण अहवालात डेटा सेंटरचे पान कोठे आहे. आपल्या वाचकांच्या घरोघरची मुले-मुली पुण्यात, हिंजवडीत, बंगळुरूत याच क्षेत्रात उत्तम काम करीत आहेत. त्यांना रात्रीच्या जेवणाच्या वेळी विचारावे: तू लिहितोस तो प्रोग्राम किती वीज पितो, हे तुझ्या कंपनीत कोणी मोजतो का? हा आरोप नाही. ज्यांना यंत्राचे मर्म कळते त्यांनीच त्याला शिस्त लावायची असते.

आपल्या घरांत संध्याकाळी दिवा लावण्याची रीत आहे. त्या दिव्यात तेल किती आणि ते कोणाच्या कष्टाचे, हे लावणाऱ्या हाताला ठाऊक असे. म्हणून वात जपून वर सारली जाई. आजचा आपला उजेड इतका दुरून येतो की तेल घालणारा हातच दिसत नाही. तो चंद्रपूरचा आहे, डहाणूचा आहे, माहुलचा आहे. ढगाकडे पाहून धन्यता मानणाऱ्या समाजाने आता खाली, त्या हाताकडे पाहण्याची वेळ आली आहे. हिशेब मागायला सुरुवात केली की तो मिळतो, हे डहाणूने दाखवून दिले आहे. तो मागायचा की नाही, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.